सरस वाळायला रात्र लागते

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण कॉम्प्युटर! बिघडला नव्हता, नवा घ्यायचा होता. आणि नवा कॉम्प्युटर घेण्यावरून आमच्या घरात एकदा जे झालंय, ते पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं.

आधी थोडं सांगतो (खास पुण्यातल्या मावशीसाठी, तिला अजून वाटतं आम्ही फर्निचर करतो). आमचं कोल्हापुरात पॅटर्नचं काम. फौंड्रीत बीड ओतण्याआधी वाळूत ज्याचा ठसा घेतात तो पॅटर्न. बाबांनी चाळीस वर्षं ते सागवानात केले. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून त्यांची पट्टीसुद्धा वेगळी, एक टक्का लांब. त्या पट्टीवरचे 1000 मिलिमीटर म्हणजे खरे 1010. आता मी हेच सगळं स्क्रीनवर करतो आणि कापायचं काम व्हीएमसी करतं. पट्टी भिंतीवर टांगलेली आहे.

तर 2019 मध्ये मी एक जुना वर्कस्टेशन घेतला. दोन झिऑन प्रोसेसर, ई5-2680 व्ही4, प्रत्येकी 14 कोअर. 28 कोअर म्हटल्यावर मी हवेत होतो. पैसे कमी पडत होते, तेव्हा बाबांचा बँडसॉ विकला. "कुठं वापरतोय आता," असं ते स्वतःच म्हणाले. पण न्यायला टेम्पो आला तेव्हा ते मागच्या शेडमध्ये जाऊन बसले होते, हे मला आठवतंय.

आणि कॉम्प्युटर? कूर्म गतीने चालायचा. पंपाच्या केसिंगचा फिनिशिंगचा टूलपाथ लावला की अर्धा तास नुसता गोल फिरायचा. टास्क मॅनेजर उघडून बघावं तर प्रोसेसरचा वापर 2 टक्के! सॉफ्टवेअर घाम गाळतंय आणि बाकीची सगळी फौज बिड्या ओढत बसली आहे. हिशेब सोपा होता, पण तो मी आधी केलाच नाही. 28 कोअर म्हणजे विंडोजच्या दृष्टीने 56 धागे. माझ्या कॅम सॉफ्टवेअरची ती आज्ञा एकाच धाग्यावर चालते. एक भागिले 56, झाले 2 टक्के. आणि तो एक धागासुद्धा फार तर 3.3 गिगाहर्ट्झने पळणार.

जीन अॅमडाल यांनी हे 1967 मध्येच मांडून ठेवलंय. कामाचा 70 टक्के भाग एकामागून एकच होणारा असेल, तर उरलेल्या 30 टक्क्यांवर 28 जण लावले तरी 100 मिनिटांचं काम 71 च्या खाली येत नाही. मी हे बाबांना मोठ्या उत्साहाने समजावत होतो, तर ते म्हणाले, "धा सुतार बशीवलं म्हणून सरस लवकर वाळतोय व्हय? त्याला रात लागतीयाच." संपला अॅमडालचा नियम. असो.

यंदा मे महिन्यात डीलरने नव्या मशीनचं कोटेशन दिलं, 2 लाख 85 हजारांचं. 16 कोअरचा रायझन 9, 64 जीबी रॅम, महागडं ग्राफिक्स कार्ड. माझी मान हलायला लागली होतीच. बाबांनी फक्त विचारलं, "आधी मोजलंस का?"

नव्हतं मोजलं.

मग मोजलं. इंटरनेटवरचे बेंचमार्कचे आकडे नकोत, आपलंच काम घ्यायचं असं ठरवलं. तीच केसिंगची फाइल, तोच फिनिशिंगचा टूलपाथ, प्रत्येक मशीनवर एकदा नुसता चालवून सोडून द्यायचा आणि मग तीन वेळा घड्याळ लावायचं. घड्याळ बाबांकडे, रजिस्टरही बाबांकडे. (जुनं उधारीचं रजिस्टर, मागची पानं कोरी होती.)

आमच्या झिऑनवर पहिल्यांदा 34 मिनिटं, दुसऱ्यांदा 37, तिसऱ्यांदा 43. बाबांनी चष्मा सारखा केला. "हे वाढाय का लागलंय?" मी काहीतरी ठोकून दिलं, पण प्रश्न बरोबर होता. तेच काम, तेच मशीन, मग वेळ का वाढावा? डबा उघडला. पंख्यांवर रेझिन बोर्डच्या भुशाचा थर, अगदी नमदा म्हणावा असा. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तेच चाललं होतं. ब्लोअर मारला, पेस्ट बदलली. 33, 33, 34.

पुतण्याच्या गेमिंगच्या मशीनवर (2021 मधला आय5-10400, सहाच कोअर, पण 4.3 गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा) तेच काम 24 मिनिटांत. तो आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होता. मग सॉफ्टवेअरचा डोंगल खिशात घालून डीलरकडे गेलो. हरवला असता तर कॉम्प्युटरपेक्षा महाग पडला असता, म्हणून रस्ताभर खिशावर हात. तिथे 16 कोअरवर 14 मिनिटं आणि 8 कोअरच्या रायझन 7 7700 वर 15. एका मिनिटासाठी किती पैसे, हा हिशेब बाबांनी तिथेच रजिस्टरमध्ये मांडला. ग्राफिक्स कार्ड बदलून पाहिलं, टूलपाथ काढताना सेकंदाचाही फरक नाही. ते लागतं मॉडेल फिरवताना, मटेरियल कापलं जाताना बघायला, आणि माझ्या आकाराच्या कामाला मधलं कार्ड भरपूर होतं. रॅम 32 केली काय, 64 केली काय, वेळ तोच. डीलरचा चेहरा उतरत चालला होता, पण चहा त्याने दोनदा दिला.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण घरी आल्यावर बाबा स्क्रीनसमोर बसले आणि सेटिंगमधल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "हे काय?" मी म्हटलं, टॉलरन्स, 0.002. "मिलिमीटर?" हो. "आणि हे वाळूत दाबनार?"

मी गप्प.

2018 मध्ये एका डायच्या कामासाठी मी तो आकडा ठेवला होता आणि ते टेम्प्लेट म्हणून सेव्ह केलं होतं. तेव्हापासून प्रत्येक पॅटर्नला तोच. ज्या वाळूत अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज खपतो, तिथे मी दोन मायक्रॉनचा हट्ट धरून बसलो होतो. 0.02 केलं. जुन्याच झिऑनवर 11 मिनिटं! प्रोग्रॅमची फाइल पाव झाली, व्हीएमसीसुद्धा न अडखळता चालू लागलं. पॅटर्नला हात फिरवून बाबा म्हणाले, "काय बी फरक न्हाई."

बँडसॉचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही. तेव्हा तो आकडा बदलला असता तर बँडसॉ विकायची वेळ आली असती का, हे मात्र त्या रात्री झोपेत बराच वेळ फिरत होतं.

नवा कॉम्प्युटर शेवटी घेतलाच, कारण डायची कामं वाढताहेत आणि तिथे बारीक टॉलरन्स खरंच लागतो. 8 कोअरवालाच, 1 लाख 12 हजारांत, पंख्यांपुढे बारीक जाळी लावून. दर शनिवारी ब्लोअर मारायचा, हे रजिस्टरच्या शेवटच्या पानावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

जुना झिऑन वहिनीच्या टेबलावर गेला. सध्या 28 कोअरवर आमचं टॅली चालतं :)