उत्तरकथाबाई

लग्न लागतं, पंगती उठतात, मांडव उतरतो, तरी एक पाहुणी जायचं नाव घेत नाही. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांच्या ओसरीवर अशा एक बाई शंभराहून जास्त वर्षं मुक्काम ठोकून आहेत. नाव उत्तरकथा. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ साली छापून आली, एलिझाबेथ बेनेट डार्सीच्या घरी नांदायला गेली, चार वर्षांनी लेखिकाही जग सोडून गेली. बाईंचा सवाल मात्र कायम : “बरं, मग पुढे काय झालं?”

सवाल अगदीच आगाऊ नाही. खुद्द ऑस्टिनबाईंना उत्तर ठाऊक होतं आणि घरच्यांनी विचारलं तर त्या सांगतही. त्यांच्या भाच्याने पुढे आठवणी लिहिल्या, त्यात ते आहे. एलिझाबेथच्या बहिणींपैकी किटीला डार्सीच्या पेम्बर्ली इस्टेटीजवळचा एक पाद्री मिळाला आणि मेरीला फिलिप्स मावशीच्या नवऱ्याच्या कचेरीतल्या कारकुनावर समाधान मानावं लागलं. पुस्तक आलं त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या एका चित्रप्रदर्शनात ऑस्टिनबाई आपल्या नायिका शोधत हिंडल्या. मिसेस बिंगली, म्हणजे एलिझाबेथची थोरली बहीण जेन, सापडल्या, पांढऱ्या झग्यात आणि हिरव्या दागिन्यांत. मिसेस डार्सी काही सापडल्या नाहीत. पुस्तकात मात्र त्यांनी लग्नानंतरचा संसार शेवटच्या छोट्याशा प्रकरणात उरकला आणि हात झटकले.

उत्तरकथाबाई आल्या त्या ऑस्टिनबाईंच्या घरातूनच. अर्धवट राहिलेली ‘द वॉटसन्स’ हाती धरून भाची कॅथरिन हबॅक यांनी १८५० साली तीन खंडांची कादंबरी रचली. १९१३मध्ये सिबिल ब्रिंटन यांनी ऑस्टिनबाईंच्या सहाही कादंबऱ्यांतली माणसं एकत्र आणून उरलेल्यांच्या सोयरिकी जुळवल्या. पण बाईंची खरी चलती झाली ती १९९५ नंतर. बीबीसीच्या मालिकेतला कॉलिन फर्थचा डार्सी तळ्यातून निथळत्या सदऱ्याने आला. मूळ पुस्तकात अशी डुबकी नाही. तरी तेव्हापासून बाईंच्या घरचा डार्सी त्याच चेहऱ्याचा. प्रताधिकार केव्हाच संपलेला, त्यामुळे परवानगी मागायला कुणाच्या दारात जायला नको.

बाईंचा थाट रीजन्सीचा, म्हणजे १८११ ते १८२० या काळातला. तेव्हा राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला होता आणि थोरला मुलगा त्याच्या नावाने कारभार पाहत होता. उंच कमरेचा झगा, बॉनेट, लाखेने बंद केलेलं पत्र, मेणबत्त्यांच्या उजेडातला बॉल, सगळं जागच्या जागी. मानपान मात्र कधीकधी चुकतात. डार्सीची मावशी लेडी कॅथरिन डी बर्ग अर्लची मुलगी, म्हणून ‘लेडी’ तिच्या स्वतःच्या नावाआधी लागतं. बेनेटांचे शेजारी सर विल्यम लुकस यांची बायको नवऱ्यामुळे ‘लेडी’ झालेली, ती लेडी लुकस. बाई घाईत ‘लेडी डी बर्ग’ लिहून बसतात आणि जाणत्या वाचकाच्या कपाळाला आठी पडते. लेडी कॅथरिनच्या कानावर गेलं असतं तर तिने बग्गी जुंपायला सांगितली असती.

बाईंची खरी अडचण वेगळीच. ज्या जोडप्यावर त्यांचा जीव, ते सुखात आहे, आणि सुखाची गोष्ट होत नाही. म्हणून आधी ते सुख मोडायचं आणि मग आपणच जोडून द्यायचं, हा त्यांचा उद्योग. एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीला, लिडियाला, पळवून नेणाऱ्या विकमला पुन्हा आणायचं. लिडियाला दारात रडत उभं करायचं. पाळणा लांबवायचा, म्हणजे इस्टेटीला वारस नाही, म्हणजे पुन्हा धास्ती. पी. डी. जेम्स यांनी तर २०११मध्ये पेम्बर्लीच्या रानात बॉलच्या आदल्या रात्री खूनच पाडला. ऑस्टिनबाई इतक्या संकोची की एलिझाबेथने शेवटी डार्सीला दिलेला होकारही त्यांनी तिच्या तोंडून ऐकवला नाही. उत्तरकथाबाई मात्र थेट शेजघरात जाऊन बसतात. तिथे त्या सर्वांत कंटाळवाण्या होतात, कारण डार्सी प्रेमळ नवरा निघाला हे वाचकाला आधीच माहीत असतं.

पण याच बाई कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडे वळल्या की वेगळ्याच दिसतात. जेन आणि एलिझाबेथ सासरी गेल्या, लिडिया तर आधीच गेलेली. आता घरात ‘मिस बेनेट’ हा थोरलीचा मान कुणाकडे? पियानो बडवणाऱ्या, सुभाषितं फेकणाऱ्या मेरीकडे. जिला सगळ्यांनी हसून घेतलं ती आता घरातली थोरली. कॉलीन मॅकलो यांनी २००८मध्ये आणि जॅनिस हॅडलो यांनी २०२०मध्ये तिच्यासाठी आख्खी कादंबरी लिहिली. बाईंची चुलतबहीण म्हणावी अशी जो बेकर यांची ‘लाँगबोर्न’ तर बेनेटांच्या स्वयंपाकघरात उतरते. मूळ कादंबरीत एलिझाबेथ चिखल तुडवत आजारी बहिणीकडे जाते, परकर सहा इंच माखतो आणि आपण तिचं कौतुक करतो. तो परकर घासून घासून कुणाचे हात फुटले, हे विचारायला दोनशे वर्षं जावी लागली. असं काही विचारतात तेव्हा बाईंनी ठोकलेला मुक्काम सार्थकी लागतो.

एरवी त्यांची खोड जात नाही. लग्न म्हणजे काही गोष्टीचा शेवट नव्हे, असं ठणकावून त्या तीनशे पानं लिहितात आणि अखेरीस काय करतात? डार्सीच्या धाकट्या बहिणीचं, जॉर्जियानाचं, लग्न लावून देतात. म्हणजे पुढच्या खंडाचीही सोय झाली.