निरोपाचं भाषण आणि खोडलेली एक ओळ

मैत्रिणींनो, ठाण्याहून कल्याणला जायचं म्हटलं की आपण हमखास फास्ट लोकल बघतो. पण वेळ हाताशी असेल तर एकदा मुद्दाम स्लो गाडीने जा, आणि खिडकी मिळाली तर सोडू नका. २०२२ पर्यंत फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरायची आणि काही दाखवायची नाही. स्लो गाडी मात्र कळवा-मुंब्र्यावरून खाडीच्या कडेकडेने जाते. एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि वर कड्यात मुंब्रादेवीचं देऊळ. खाली मशिदींचे मिनार. पुढे दिवा, कोपर, डोंबिवली. हवा स्वच्छ असेल तर मलंगगडाचे सुळकेही दिसतात. त्या गडावरच्या समाधीला कुणी हाजी मलंगबाबा म्हणतात, कुणी मच्छिंद्रनाथ. दोन्ही नावांनी माणसं गड चढतात आणि त्यावरून वादही घालतात.

हा रस्ता माझ्या नेहमीचा. आठवड्यातून चार दिवस मी एका अनुदानित मराठी शाळेत अर्धवेळ शिकवते. घरचा डबा, दूधवाला, सासूबाईंची औषधं हे सगळं उरकून धावत गाडी गाठायची. आज तुम्हांला सांगायचंय ते या प्रवासाचं, आणि त्यातच मनात अडकून बसलेल्या एका गोष्टीचं.

दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत होतो. मुली पहिल्यांदाच साडी नेसून येतात, पदर सावरता सावरता बेजार होतात. बटाटेवडा, पेढा, सरस्वतीपूजन, मग चार-पाच मुलामुलींची भाषणं. ही भाषणं आधी तपासून द्यायचं काम माझ्याकडे असतं. भाषा सुधारायची, लांबण कमी करायची, एवढंच.

काही वर्षांपूर्वी दोन भाषणं माझ्यापुढे आली. एका मुलाने सुरुवातीला गणपतीला वंदन केलं होतं. दुसरं भाषण मुंब्र्याहून येणाऱ्या एका मुलीचं. घर कोकणी मुसलमानांचं, मराठी आपल्यासारखंच, अक्षर मोत्यासारखं. तिची पहिली ओळ होती ‘बिस्मिल्ला’ची, आणि लगेच पुढे तिने लिहिलं होतं, ‘अल्लाच्या कृपेने आणि बाईंच्या मेहनतीने मी इथवर आले.’

मोठ्या बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, “ही सुरुवात नको. उद्या कुणी पालक भांडायला आले तर? उगाच वाद कशाला?” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना फक्त समारंभ सुरळीत पार पडायला हवा होता. मी लाल पेन घेतलं आणि ती सुरुवात खोडली. गणपतीचं वंदन तसंच राहिलं. ते खोडायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

मुलगी एकदाच म्हणाली, “बाई, मग त्याचंपण खोडणार का?” मी म्हटलं, “बघू.” पण बघितलं कुणी?

समारंभाच्या दिवशी ती माइकसमोर आली, क्षणभर थांबली, ओठ हलले, आणि मग ‘आदरणीय व्यासपीठ’ म्हणून तिने भाषण सुरू केलं. छान बोलली. शाळेच्या शिपाईमामांचे तिने मानलेले आभार ऐकून सगळ्यांचे डोळे पाणावले. नंतर तिची आई मला शोधत आली. म्हणाली, “बाई, घरी दहा वेळा म्हणून घेतलं होतं हो. पहिलीच ओळ कशी विसरली कोण जाणे!”

मुलीने घरी माझं नाव सांगितलं नव्हतं. मीही त्या माऊलीला खरं सांगितलं नाही. परतीच्या गाडीत मुंब्रा आलं, तेव्हा मला बाहेर बघवेना.

त्यानंतर मी या गोष्टीचा जरा अभ्यास केला. आपल्या राज्यघटनेचं २८ वं कलम शाळांबद्दल बोलतं. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती कुणावर करता येत नाही. स्वतःची संमती हवी, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची. प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून नाशिकच्या एका शिक्षकाची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली त्या शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. त्याही आधी १९८६ साली केरळमधल्या तीन भावंडांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला होता. ही मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकलेल्या या मुलांना न्यायालयाने परत घ्यायला लावलं.

अमेरिकेतही हा प्रश्न पदवीदानाच्या समारंभातूनच उभा राहिला. सरकारी शाळेच्या समारंभात धर्मगुरूला बोलावून प्रार्थना म्हणवून घेणं घटनेत बसत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली ठरवलं. पण एखाद्या विद्यार्थ्याने आपल्याच भाषणात देवाचं नाव घेतलं तर? त्यावर तिथेही वाद होत आले आहेत.

हे वाचता वाचता मला एक फरक कळला. शाळेने सगळ्यांना हात जोडायला लावणं वेगळं, आणि एका मुलीने आपल्या तोंडाने आपल्या देवाचे आभार मानणं वेगळं. पहिल्यात सक्ती येते. दुसऱ्यात ती फक्त स्वतःबद्दल सांगत असते, आपण ऐकायचं. ऐकल्याने कुणाचा धर्म बाटत नाही. मी सक्ती टाळायला गेले आणि एका मुलीच्या तोंडची तिची स्वतःची ओळ काढून घेतली. तीही एकटीचीच, म्हणून जास्त लागतं.

मध्यंतरी एका रविवारी मुलांना घेऊन कल्याणला गेले. स्टेशनवरून गावात शिरलं की जुनं कल्याण लागतं. अरुंद गल्ल्या, पारनाक्याकडची जुनी घरं, तिथला प्रसिद्ध खिडकी वडा. पुढे खाडीवर दुर्गाडी. तिथे देवीचं देऊळ आहे आणि ईदगाहही. मुलांना सांगत होते, की आनंदीबाई जोशींचं बालपण याच कल्याणात गेलं. बोलता बोलता मला एकदम त्यांचं भाषण आठवलं.

२४ फेब्रुवारी १८८३. आनंदीबाई अजून अठराच्याही झाल्या नव्हत्या. डॉक्टर व्हायला एकट्या अमेरिकेला निघालेल्या. लोक नाना प्रश्न विचारत. बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून सगळ्यांना जाहीर उत्तर दिलं. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आता गंमत बघा, ते कॉलेज ख्रिस्ती मिशनऱ्यांनी १८१८ साली स्थापलेलं! त्यांच्याच छताखाली ही पोरगी उभी राहून म्हणते, की मी माझा धर्म सोडणार नाही. ते भाषण पुढे छापलंही गेलं.

याहून सुंदर गोष्ट पुढची. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या सोहळ्याला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. दोघी नात्यातल्या. रमाबाईंनी १८८३ सालीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. एक हिंदू राहिलेली आणि एक ख्रिस्ती झालेली, अशा दोन मराठी बायका परदेशात एका आनंदासाठी एकत्र आल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात आनंदीबाई गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

दुर्गाडीच्या पायऱ्यांवर बसून मी मनात म्हटलं, श्रीरामपूरला त्या दिवशी लाल पेन घेऊन मी असते, तर काय केलं असतं? “उगाच वाद कशाला,” म्हणून आनंदीबाईंची ती ओळ खोडली असती का?

ठाण्याच्या तलावपाळीवर कधी संध्याकाळी फिरलात तर बघा. मासुंद्याच्या काठावर कौपिनेश्वराचं देऊळ, जवळच पोर्तुगीज काळापासूनचं चर्च, आणि टेंभीनाक्याच्या बाजूला १८७९ साली बांधलेलं बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनामंदिर. सगळ्यांचे देव चालत दहा-पंधरा मिनिटांत. गावात जे रोज नांदतं, ते शाळेच्या माइकवर चार मिनिटं का नांदू नये?

पुढच्या वर्षी मी मोठ्या बाईंना सरळ विचारलं, “एकच नियम करू या का? आभार कुणाचे मानायचे ते मुलांनी ठरवावं. दुसऱ्याच्या देवाला कमी लेखायचं नाही आणि कुणाला आपल्याबरोबर हात जोडायला लावायचं नाही. आणि खोडायचंच असेल तर सगळ्यांचं खोडू.” बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पण तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या भाषणांत मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारते. अजून एकही पालक भांडायला आलेले नाहीत.

भगिनींनो, तुमच्या घरीही कुणी दहावीला असेल. भाषण लिहायला बसेल तेव्हा पाठ केलेली छापील वाक्यं देऊ नका. चार मिनिटांपेक्षा मोठं करू नका. तीन माणसांचे आभार नावानिशी मानायला सांगा, त्यात शाळा झाडणाऱ्या मावशी असू द्या. देवाचं नाव घ्यावंसं वाटलं तर घेऊ द्या. आणि मागून दुसरं कुणी आपल्या देवाचं नाव घेईल, तेव्हा शांत बसून ऐकायचं, एवढं मात्र आवर्जून शिकवा.

ती मुलगी आता कॉलेजात शिकते. मध्ये एकदा मुंब्रा स्टेशनवर भेटली. गर्दीत दोनच मिनिटं मिळाली. मी म्हटलं, “तुझी ओळ मी खोडायला नको होती गं.” ती हसली. म्हणाली, “बाई, मी मनात म्हटली होती ना.”

गाडी सुटली. या वेळी मी खिडकीतून बाहेर बघितलं.