वालाचं राहिलंच

शास्त्रज्ञ कमला सोहोनींवरचं माझं भाषण मला इतकं पाठ होतं, की हार्बर लोकलच्या गर्दीत कुणाची तरी पिशवी पायावर घेऊन उभी असतानाही ते मनातल्या मनात सुरू व्हायचं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झालेली कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज करते. संचालक सर सी. व्ही. रामन. अर्ज नामंजूर, कारण अर्जदार मुलगी. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले, पण त्याचाही उपयोग नाही. मग ती स्वतः रामन यांच्यापुढे जाऊन उभी राहते. शेवटी प्रवेश मिळतो तो अटींवर: वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीअपरात्री काम करावं लागेल, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

इथे मी पाण्याचा घोट घ्यायचे. सभागृहात ‘च्च च्च’ असा आवाज यायचा, आणि त्या आवाजाची मला चटक लागली होती.

या भाषणाला गिऱ्हाईक फेब्रुवारीत. रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८चा, म्हणून १९८७ पासून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. त्यानंतर आठवडाभराने महिला दिन. दोन्हींना चालेल असा एकच विषय म्हणजे रामन यांनी नाकारलेली मुलगी. मी रे रोडला पोर्ट ट्रस्टच्या क्वार्टर्समध्ये वाढले, मराठीतून विज्ञान लिहिते, बोलायला बऱ्यापैकी, आणि मानधनाचा आग्रह धरत नाही. त्यामुळे गिरगावपासून परळपर्यंत बोलावणी यायची.

सांगता सांगता गोष्ट वाढत गेली. आधी कमलाबाई दारात उभ्या राहत. मग त्या दाराबाहेर बसू लागल्या. पुढे त्या कितीतरी दिवस बसल्या. एका वर्षी दादरला तर त्यांच्यावर बंगळुरूचा पाऊसही पडला. तो पाऊस मी पाडला, दुसऱ्या कुणी नाही. आणि तो वाया गेला नाही, त्या दिवशी टाळ्या जास्त पडल्या.

‘पहिली’ या बिरुदाचंही तसंच. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय महिला, असं मी फलकावर लिहू द्यायचे. कमलाबाईंची केंब्रिजची पीएच.डी. १९३९ची. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाने विज्ञानातली डॉक्टरेट दिली होती १९३१ मध्ये. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कुठे तरी वाचलं होतं, पण तेलिचेरीची जानकी अम्मल दादरच्या श्रोत्यांना काय कामाची? आमची भागवतांची मुलगी पहिली हवी. तीही नुसती नको, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण म्हणून हवी. लेखिकेच्या नात्याचा टेकू दिल्याशिवाय शास्त्रज्ञ बाई मराठी सभागृहात उभी राहणार नाही, असं मी गृहीतच धरलं होतं.

गिरगावातल्या एका कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलाशी एक वृद्ध बाई भेटल्या. जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, “छान बोललात हो. पण वालाचं राहिलंच.”

मला वाटलं, बाई गोड बोलता बोलता जेवणाकडे वळल्या. मी म्हटलं, “कसलं वालाचं?”

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग शिकवायच्या सवयीने सगळं सांगितलं. कडधान्यांत एक प्रथिन असतं, ते आपल्या पोटातल्या ट्रिप्सिनला अडवतं. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर. त्यामुळे डाळीत प्रथिन भरपूर असूनही कच्च्या दाण्याचं ते नीट अंगी लागत नाही. भिजवलं, मोड आणले, शिजवलं की या अडवणाऱ्याचा जोर बराच मोडतो. मुंबईच्या विज्ञान संस्थेत, त्या दगडी इमारतीत, कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी हेच तपासत होते. वालातलं हे प्रथिन त्यांनी स्फटिकरूपात वेगळं काढलं. सोहोनी आणि आंबे या दोन नावांनी तो निबंध १९५५ साली ‘नेचर’मध्ये आला.

‘नेचर’मध्ये वाल! ज्या गिरगावात मोड आलेले वाल सोलत बसणं हे बायकांचं निम्मं आयुष्य, त्या गिरगावात मी बोलत होते, आणि माझ्या भाषणात वालाचा दाणा नव्हता. केंब्रिजचं कामही नव्हतं. वनस्पतींच्या पेशी श्वसन करताना सायटोक्रोम सी हे प्रथिन वापरतात, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवलं, ते मी ‘पुढे केंब्रिजला जाऊन नाव कमावलं’ या एका वाक्यात उरकायचे. रामन यांना दहा मिनिटं आणि विज्ञानाला एक वाक्य. बाईंवर बोलते असं समजून मी दरवर्षी रामन यांच्यावरच बोलत होते.

परळला केलेली माझी चूकही याच जातीची, फक्त जास्त जुनी. कर्करोगावर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञ बाईंची मुलाखत घ्यायला गेले होते. उंदरांच्या स्तनग्रंथींतल्या गाठींविषयी त्या तासभर बोलल्या. मी टिपून घेतलं त्यांचा डबा कोण भरतं ते. “प्रयोगशाळा आणि घर, दोन्ही कसं सांभाळता?” असं विचारल्यावर त्या हसून म्हणाल्या, “हा प्रश्न आमच्या संचालकांना विचारलात का?” मी ते वाक्य विनोद म्हणून चौकटीत छापलं. मथळा: ‘स्वयंपाकघर ते सूक्ष्मदर्शक’.

त्या विनोद करत नव्हत्या. हा प्रश्न संचालकांनाच विचारायचा असतो, हे परळमध्येच एका बाईने फार पूर्वी ओळखलं होतं. कमल रणदिवे, मूळच्या पुण्याच्या समर्थ. डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. केली, आणि परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात देशातली ऊतिसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा उभारली, म्हणजे शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जगवण्याची सोय. (इथे ‘पहिली’ लिहिताना आता हात अडखळतो, पण प्रयोगशाळेविषयी ते पक्कं आहे.) १९७३ साली सहकारी शास्त्रज्ञांना घेऊन त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना काढली. तिने पुढे वाशीला काय बांधलं? वसतिगृह आणि पाळणाघर. पुतळा नाही, पाळणाघर. पाळणाघर हेही प्रयोगशाळेचंच उपकरण आहे, हे तिथे विटांत लिहिलेलं होतं. मी तिथे भाषण देऊन आले होते. चहा घेतला, फोटो काढला, आणि ते पाळणाघर मला दिसलं नाही.

आता घराजवळची गोष्ट. हीच सांगायची खरी लाज वाटते.

रे रोड स्टेशनवरून पूर्वेला उतरलं की दारूखाना लागतो. लोखंडाचे पत्रे, गॅसकटरचा निळा जाळ, तुटलेल्या जहाजांच्या साखळ्या, मग वखारी, आणि धक्क्यावर कौला बंदर. जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्र सरकारची, म्हणून वस्ती अधिसूचित नव्हती आणि महापालिकेचा नळ नव्हता. लोक पाणी विकत घ्यायचे. अग्निशमनासाठी जमिनीखाली टाकलेल्या वाहिन्यांना मोटर लावून काही जण पाणी ओढायचे आणि लांबलचक पाइपांनी घरोघर सोडायचे. माझं लहानपण इथून चालत काही मिनिटांवर गेलं. आमच्याकडे नळ होता.

एका संस्थेने तिथे महिला मेळाव्याला बोलावलं. विषय: आरोग्य आणि विज्ञान. मी पत्रकं छापून नेली, मराठीत. वस्तीत जुने लोक तमिळ, नंतर आलेले उत्तरेकडचे. पत्रकं बायकांनी वारा घ्यायला वापरली. पाणी वीस मिनिटं उकळून प्या, असं मी सांगत होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक जण म्हणाली, “उबालने का गैस कौन देगा?” मी म्हटलं, आरोग्य महत्त्वाचं. ती म्हणाली, “बराबर.” मग उठून गेली, तिची पाण्याची वेळ झाली होती.

(वीस मिनिटंही चूक. पाणी खळखळून उकळलं की मिनिटभर पुरतं. बाकीचा गॅस मी त्यांना फुकट जाळायला सांगत होते.)

घरी येऊन चार ओळी लिहाव्यात म्हणून शोधलं, तर याच वस्तीच्या पाण्यावरचा शोधनिबंध समोर आला, २०१३ सालचा. ‘पुकार’ या संस्थेने वस्तीतल्याच तरुण मुलामुलींना संशोधक म्हणून तयार केलं होतं, बेअरफूट रिसर्चर म्हणायचे त्यांना. मोजमापं त्यांनी घेतली होती, तीही वेगवेगळ्या ऋतूंत. महापालिकेचा दर तेव्हा हजार लिटरला सव्वादोन रुपये, आणि इथले लोक त्याच्या पन्नासपटीहून जास्त मोजत होते. मी विज्ञान सांगायला गेले, आणि जिथे गेले तिथलं विज्ञान वाचून गेले नव्हते. ते तिथल्या लोकांनीच केलेलं होतं. हे माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण माझ्या डोक्यात बायका दोनच प्रकारच्या: एक भिंतीवर हार घालून टांगायची, दुसरी सतरंजीवर बसवून शिकवायची.

यावर उतारा म्हणून मी कमलाबाईंकडेच वळले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या ग्राहक चळवळीत होत्या, १९६६ साली मुंबईत निघालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या संस्थापकांपैकी. भेसळ ओळखायचे साधे संच त्यांनी तयार केले, गृहिणीने घरी तपासावं म्हणून. भाषणाऐवजी हातात बाटली द्यायची. मी पाणी तपासायच्या बाटल्या घेतल्या. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते, पाणी भरून दिवस-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर विष्ठेतले जिवाणू असल्याची शंका घ्यायची. बाटल्या घेऊन गेले मेळाव्यात गॅसचा प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईकडे.

मी म्हटलं, प्रत्येक घरातल्या पिंपातलं पाणी घेऊ. ती म्हणाली, असं नको. पाणी दोन-तीन दिवस बंद राहून सुटतं तेव्हा पाइपातलं पहिलं पाणी वेगळं, ते आम्ही सोडून देतो. मधलं वेगळं. पिंपातलं रात्रीचं वेगळं, पोरं हात घालतात तेव्हा. सगळं एकत्र घेतलंस तर तुला काय कळणार? हा सगळा युक्तिवाद बंबइया हिंदीत, भांडी घासता घासता. एखाद्या संशोधन पद्धतीच्या वर्गात याला नाव असतं आणि त्यावर गुण असतात. मी बाटल्यांवर पेनाने आकडे घातले, ते ओल्या हातांनी पुसले गेले. तिने नेलपॉलिशचे ठिपके दिले. पहिल्या पाण्याला एक, मधल्याला दोन, पिंपाला तीन.

एक आणि तीन ठिपक्यांच्या बहुतेक बाटल्या काळ्या झाल्या. दोनच्या बऱ्याचशा झाल्या नाहीत.

यावर मी एका वर्तमानपत्रात लेख लिहिला. इतकं सगळं झाल्यावर तरी शहाणी झाले असेन, असं वाटेल. लेखात मी लिहिलं, की ‘अशिक्षित महिलांनीही वैज्ञानिक दृष्टिकोन कसा आत्मसात केला’. त्यांना तो मी दिला, असा एकूण सूर. ठिपक्यांचा उल्लेख ‘गमतीदार युक्ती’ म्हणून. वर माझं नाव, खाली माझा फोटो.

कात्रण घेऊन गेले. तिच्या मुलाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मेरा नाम किधर है?” मी ओशाळून म्हटलं, दुरुस्ती छापून आणते. दोन दिवसांनी तिने निरोप पाठवून परत बोलावलं. नाव नको. नाव छापलं तर मोटर कुणाची, जोडणी कुणाची, हे विचारायला माणूस येईल. नवऱ्याशी आणि पाणीवाल्याशी बोलून तिने ते ठरवलं होतं. “पर वो अनपढ़ वाला निकालो,” ती म्हणाली. “मैं आठवी पढ़ेली है. तमिल में.”

वर्तमानपत्रात ती दुरुस्ती आली नाही, मी पाठपुरावाही धडपणे केला नाही. ती इथे करते. आठवी, तमिळ माध्यम. नमुने कुठून, केव्हा आणि का वेगवेगळे घ्यायचे, हे तिने ठरवलं. बाटल्या मी आणल्या होत्या.