कालदुर्गाचा बेत

सहलीचा बेत निघाला म्हणजे आपल्या घरांतून प्रथम विचार होतो तो खाण्याचा, नंतर गाडीचा. पायांचा विचार बहुधा डोंगर चढूं लागल्यावरच होतो. वस्तुतः हा क्रम उलट पाहिजे. यंदा मार्गशीर्षांत आम्ही कालदुर्गावर जाण्याचें योजिलें आहे. त्या निमित्तानें घरांत जो खल झाला, तो इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडतों.

पालघरहून मनोरकडे जाणारा रस्ता डोंगराची रांग जेथें ओलांडतो, ती वाघोबाची खिंड. वाघोबा हें वारली लोकांचें दैवत. दिवाळीच्या सुमारास वाघबारशीला त्याची पूजा होते आणि एरव्हींही वाटसरू खिंडींतल्या देवळापाशीं क्षणभर हात जोडून पुढें जातो. पावसाळ्यांत येथें धबधब्यासाठीं गर्दी उसळते. थंडीच्या दिवसांत मात्र सकाळची खिंड अगदीं निवांत असते. येथूनच झाडींतून वर पायवाट जाते. गडाची उंची सुमारें १५०० फूट. तट, बुरूज, दरवाजा यांची अपेक्षा ठेवूं नये. माथ्यावर एक प्रचंड चौकोनी कातळ आणि खडकांत खोदलेलीं कांहीं टाकीं, एवढेंच वैभव. परंतु हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेस पालघर व पलीकडे समुद्र, दक्षिणेस तांदुळवाडी, पूर्वेस कोहोज आणि ईशान्येस अशेरी अशी सारी टेहळणीची साखळी ध्यानीं येते. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत तारापूरच्या किल्ल्यावर बाजी भिवराव रेठरेकर पडले आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई मराठ्यांच्या हातीं आली, हा इतिहास मुलांना पुस्तकापेक्षां त्या कातळावर बसून लौकर समजेल.

माझा मुलगा बोईसरला कारखान्यांत नोकरीस आहे. त्याचें म्हणणें, ‘दीड तासांत वर, तासाभरांत खालीं, त्यांत बेत कसला करावयाचा?’ त्याच्या पायांपुरता हा हिशेब बिनचूक आहे. परंतु आमच्या मंडळींत तो एकटा नाहीं. सूनबाई आहे, दहा व बारा वर्षांचीं नातवंडें आहेत, माझा धाकटा भाऊ आहे आणि सहासष्ट वर्षांचा मी आहें. समुदायाची गति ही त्यांतील सर्वांत मंद मनुष्याची गति होय. म्हणून आम्हीं चढण्यास अडीच तास धरले. सकाळीं ७ वाजतां खिंड, ९॥ वाजतां माथा, १०॥ वाजतां परत फिरणें आणि १२॥ च्या सुमारास पुनः रस्त्यावर; कोंकणांतलें ऊन मार्गशीर्षांतही दुपारीं आपला प्रताप दाखवितेंच. पाणी माणशीं निदान दोन लिटर. गडावरील टाक्यांच्या भरंवशावर निघूं नये.

खरी अडचण अशी कीं, मंद चालणारा मनुष्य आपण मंद आहों हें कधींच सांगत नाहीं. म्हातारा धाप लपवितो, मूल तहान लपवितें, आणि घरांतली सून तर थकवा लपविण्यांत वर्षानुवर्षें तरबेज झालेली असते. आदल्या रात्रीं जागून दशम्या करणारी तीच, पहाटे सर्वांच्या आधीं उठणारी तीच, आणि डोंगरावर ‘वहिनी मागें पडल्या’ म्हणून थट्टा होते ती तिचीच! तेव्हां आम्हीं ठरविलें आहे कीं, खाण्यास चुरमुरे, गूळ, केळीं असें विकत मिळणारेंच न्यावें आणि ज्याचें ओझें त्यानेंच वाहावें.

दुसरी गोष्ट परत फिरण्याच्या वेळेची. ती घरींच ठरवावी. माथा समोर दिसूं लागला म्हणजे ‘आतां इतकें आलोंच आहों’ हा मोह भल्याभल्यांना आवरत नाहीं. मास्तरकीच्या काळांत मी मुलांना डोंगरावर नेत असें, तेव्हां हा नियम पाळीत असें. एकदां उतरतांना एका मुलाचा पाय मुरगळला. दोघां थोरल्या मुलांनीं त्याला आळीपाळीनें खांद्यावर घेऊन खालीं आणलें. तीन तास लागले, पण रस्त्यावर पोंचलों तेव्हां अद्यापि उजेड होता. हाताशीं राखलेला उजेड हीच त्या दिवशींची आमची खरी शिदोरी ठरली.

माझ्या गुडघ्याविषयीं घरांत दोन मतें आहेत. वैद्यांनीं चढूं दिलें आहे, उतरतांना काठी घेण्यास सांगितलें आहे. गेला महिनाभर मी रोज पहाटे दोन तास चालतों आहें. तरीही चिरंजिवांचें म्हणणें, ‘बाबांनीं देवळापाशींच बसावें.’ माझें म्हणणें, बसेन. परंतु मला एकट्याला मागें ठेवूं नका आणि माझ्यासाठीं कोणी वेळही वाढवूं नका. यावर वाद लांबला तेव्हां सूनबाई म्हणाली, “मामंजी, घड्याळ माझ्याकडे द्या. साडेनऊ झाले कीं जेथें असूं तेथें मी बसणार. माथा आला असला तर उत्तम, नसला तर तेथेंच शिदोरी सोडूं, आणि सगळे मिळून खालीं येऊं.”

घड्याळ तिच्याकडे दिलें आहे. चिरंजिवांनींही मान्य केलें.