कोयना, फुल ब्लॅक!

फुलपाखरू काढा, गुलाब काढा, नाहीतर महादेवाचा त्रिशूळ. टॅटूची चर्चा दोन दिवस चालते आणि तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. पण 'सॉलिड काळा काढणार आहे' असं नुसतं म्हणून बघा. 'शेडिंगपण नाही? भाजल्यासारखं दिसेल गं!' ही माझ्या मैत्रिणींची पहिली रिअ‍ॅक्शन. आईची तर इथे छापण्यासारखीच नाही.

मला डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, शिवसागर हवा होता. म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. आपल्याला तो पावसाळ्यात 'कोयनेत आज इतके टीएमसी' एवढ्यापुरताच आठवतो. नकाशात मात्र तो सह्याद्रीच्या रांगांमध्ये उत्तर-दक्षिण पसरलेला, दोन्ही बाजूंना बोटं फुटलेला लांबलचक आकार आहे. तापोळा कोपराशी, धरणाची भिंत मनगटाशी. मापात बसतो! शिवाय माझं आजोळ कोयनानगरचं. 105 टीएमसीचं धरण हातावर आणि तेही फुल ब्लॅक. आणखी काय पाहिजे?

नकाशा ट्रेस करून पुण्यातल्या टॅटू आर्टिस्टसमोर ठेवला. तो म्हणाला, 'ह्या बारीक खाड्या दहा वर्षांत एकमेकींत मिसळतील. निम्म्या काढून टाकू.'

त्यामागचा फंडा असा. शाई त्वचेच्या दुसऱ्या थरात जाते. तिथल्या पेशी ती गिळून बसतात. पेशी मेली की शाई सुटते आणि शेजारची नवी पेशी ती पुन्हा गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. टॅटू टिकतो तो असा. पण वर्षानुवर्षांत शाई थोडी थोडी पसरतेही. रेषा जाड होतात, मधल्या फटी बुजतात. म्हणून भरीव काळ्या डिझाइनमध्ये आधी ठरवायचं असतं ते कुठे शाई नको हे. बाकीचं भरणं हे सुईचं काम.

मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण पुरावा घरातच होता. आजीच्या हातावर तुळशीवृंदावन आहे. ती सात-आठ वर्षांची असताना गोंदणारणीने काजळीत सुया बुडवून गोंदलेलं. तेव्हा ते काळं होतं. आता त्वचेआडून हिरवट-निळं दिसतं, आणि ती तुळस आहे हे आजीने सांगावं लागतं.

गाव कुठाय?

दिवाळीआधी प्रिंटआऊट घेऊन कोयनानगरला गेले. आजीने चष्मा लावून कागद उलटसुलट केला.

'काय गं ह्ये?'

'धरणाचं पाणी आहे, आजी. हातावर गोंदवणार आहे.'

'आन् माजं गाव कुटं हाय ह्यात?'

आजीचं माहेर साठच्या दशकाच्या सुरुवातीला ह्याच पाण्याखाली गेलं. भावकी पांगली. कुणी सोलापूरकडे, कुणी रायगडात. मग 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला आणि सासरचं घरही पडलं. माहेरची एकच गोष्ट तिच्याकडे उरली, हातावरची तुळस. मेल्यावर सोबत येतं ते फक्त गोंदण, असं ती नेहमी म्हणते. आणि मी तिच्या गावावर काळी शाई ओतायला निघाले होते.

तिला नकाशा वाचता येत नाही. म्हणून मी धरणापासून नदीवर बोट फिरवत गेले आणि ती सांगत गेली. 'हिथनं फुडं. वढा येतो बग. त्याच्या वरल्या अंगाला.' तिथे पेनाने ठिपका केला. ही जागा कोरी ठेवायची.

आर्टिस्टने ठिपका बघितला आणि म्हणाला, 'एवढा असेल तर बुजेल. तांदळाएवढा नको, करंगळीच्या नखाएवढा ठेवू.' नकाशाच्या हिशेबात तिचं गाव केवढं तरी मोठं झालं. आजीची काही हरकत नव्हती.

हळद नको गं!

तुम्हालाही काळं भरायचं असेल तर काही गोष्टी आधीच ठरवा. तीळ झाकू नका, कारण त्याचा रंग-आकार बदलला तर काळ्याखाली कळणार नाही. पुढचं वर्षभर रक्तदान बंद. 'नंतर लेझर करू' हा प्लॅन नव्हे. काळी शाई लेझरला दाद देते, पण एवढा पट्टा उतरवायला कितीतरी सेशन्स लागतात. आणि मुहूर्त बघा. कोयनानगरला वर्षाकाठी साधारण 5000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैत तिथे टॉवेलसुद्धा वाळत नाही. मी दिवाळीनंतरची तारीख घेतली. दोन सिटिंग, मध्ये महिनाभर गॅप.

भरीव काळ्यात सुई त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरते. त्यामुळे हात सुजतो, पहिले दोन-तीन दिवस पाझरतो. बिनवासाच्या सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलम अगदी पातळ. हाफिसात फुल शर्ट घालायचाच असेल तर सैल, सुती. मग पापुद्रे निघतात, मरणाची खाज येते. खाजवायचं नाही, सोलायचं नाही, नाहीतर काळ्यात पांढरे चट्टे. तीन-चार आठवडे पोहणं बंद, ऊन बंद. वरची त्वचा पूर्ण भरली की सनस्क्रीन, आणि ते कायमचं. लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टर गाठा.

आजी रोज फोनवर हळद लाव म्हणायची. मी रोज नाही म्हणायचे. उघड्या जखमेवर स्वयंपाकघरातलं काहीच नको.

आता टॅटू पूर्ण भरलाय. टच-अपला सगळं काळं एकसारखं झालं. तरी मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास माझ्या हाताकडे बोट दाखवतं, 'अगं, इथे थोडी शाई राहिली वाटतं. भरून घे ना.'

मी सांगते, तिथे गाव आहे.