मागून ओळख

१८ जून, कराड
साळुंकीची तीन पिल्लं परवा उडाली. चौथं आतच मेलं. स्वयंपाकघराच्या पंख्यासाठी ठेवलेल्या भोकातलं घरटं आज काढलं. पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही हे फर्मान माझंच, त्यामुळे फोडणीचा धूर महिनाभर सगळ्यांनी सोसला. वर्तमानपत्रावर पालथं केलं तर बाजरीचं सरमाड, केस, फरसाणाच्या पुडीचं प्लास्टिक, सापाच्या कातेचा वीतभर तुकडा. तळाला ओला, काळपट थर. तो थर हलत होता.

सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, हे कॉलेजात ने. इथं नको."

मेलेल्या पिल्लाकडे पाहून माझा पहिला संशय रक्तपित्या अळ्यांवर गेला.

१९ जून
पांढरी बशी, चिमटा आणि दोन तास. आधी माशीची नसलेली बाजूला काढली. केसाळ, तपकिरी, डोकं आणि सहा पाय असलेल्या अळ्या भुंग्याच्या. पिसं नि वाळकं कातडं खाणाऱ्या. घरट्यातल्या या माश्यांच्या अळीला पाय नसतात, आणि डोकं म्हणावं असं डोकंही नसतं. निमुळतं टोक तोंडाचं, बोथट टोक मागचं. आठ-दहा चपट्या निघाल्या, कडेनं पिसासारखे काटे फुटलेल्या. ती फॅनिया. घाणीवर जगते, पिल्लाच्या वाटेला जात नाही. एकदा पाहिली की दुसऱ्यांदा पुस्तक उघडावं लागत नाही.

बाकीच्या सगळ्या गुबगुबीत, पांढऱ्या, एकीसारखी दुसरी. निम्म्या मारल्या, निम्म्या वाढवायला ठेवल्या. जिवंत अळी थेट स्पिरिटात टाकली तर आखडते आणि काळी पडते. म्हणून आधी कढत पाण्यात. अंग सरळ ताणलं गेलं की स्पिरिटात. पातेलं चहाचं होतं, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

उरलेल्या अळ्या बरणीत, लाकडाच्या भुशावर, पिल्लाच्या तुकड्यासकट. तोंडाला मलमल. बरणी गच्चीवर, पत्र्याखाली.

२१ जून
कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली. मुलं तोंडाकडचं टोक शोधत होती. त्यांना उलटं धरायला सांगितलं. या अळ्यांची ओळख पाठीमागून पटते. शेवटच्या खंडावर श्वासरंध्रांच्या दोन चकत्या असतात आणि प्रत्येक चकतीत चिरा. दोन चिरा म्हणजे दुसरी अवस्था, तीन म्हणजे तिसरी. वय आधी कळतं, नाव मागाहून.

घरमाशीच्या चिरा नागमोडी असतात. निळ्या-हिरव्या माश्यांच्या सरळ. माझ्या बहुतेक अळ्यांच्या सरळच होत्या, पण चकत्या खोल खळग्यात बसलेल्या आणि भोवतालचं कडं खालून तुटलेलं. खळगा म्हटलं की मांसमाशी. ती पिल्लू मेल्यावर आली. खुनी म्हणून जिला धरलं ती अंत्यविधीची मंडळी निघाली.

पोटात लाल-काळं दिसत होतं म्हणून मी परवा रक्त ठरवून टाकलं होतं. मेलेलं मांस खाल्लं तरी तसंच दिसणार. इतकी वर्षं शिकवून ही चूक.

२२ जून
थराचा अगदी तळ आज चाळला आणि जीव वर-खाली झाला. काटक्यांना चिकटलेले सहा कोष, प्रत्येकाभोवती वाळलेल्या पांढऱ्या फेसाचं वेष्टन. फेसाचं घर करून कोषात जाणारी घरट्यातली माशी म्हणजे आपल्याकडे पॅसेरोमाया. ए. सी. पॉन्ट यांनी १९७४ साली या वंशाचा आढावा घेतला, त्यात पाच जाती आहेत. आफ्रिकेपासून आपल्याकडपर्यंत आढळणारी पॅसेरोमाया हेटरोकीटा पिल्लांचं रक्त बाहेरून पिते. टास्मानियातली तिची बहीण तर पिल्लाच्या कातडीखाली शिरते.

गॅलापागोसमधल्या फिलोर्निस डाउन्सी या माशीशी पॅसेरोमायाचं साम्य सगळ्यांना दिसतं. तिथं ती बाहेरून आलेली. घरट्यात ती १९९७ साली सापडली, मग जुन्या संग्रहातले १९६४चे नमुनेही हाती आले. तिच्या मोठ्या अळ्या दिवसा घरट्याच्या तळाशी दडतात आणि रात्री वर येऊन रक्त पितात. पंख फुटले की तीच माशी फळं खाते.

सहाही कोष वेगळ्या बरणीत. म्हणजे तीन पिल्लं पॅसेरोमायाला पुरून उरली.

२७ जून
मांसमाशी निघाली. सकाळी चहा हातात, आणि कोषाचं टोपण गोल शिवणीवर उचकटलेलं. कपाळातून फुगणारी पिशवी आत-बाहेर करत ती भुशातून वर आली. पंख अजून चुरगळलेले. तासाभरात पाठीवर तीन काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाचा पट, डोळे तांबडे. पुस्तकातल्या चित्राइतकी स्वच्छ.

३० जून
फेसाच्या कोषांतून माशी निघाली नाही. एका कोषाला टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक, आणि मलमलीखाली काळ्या ठिपक्यांची गर्दी. टोपण शाबूत. माशी टोपण उडवते, गांधीलमाशी भोक पाडते. एवढ्यावरून आत कोण होतं ते कळतं. भिंगाखाली मोजल्या, एकतीस. थोड्यांचे पंख आखूड, उडायच्या कामाचे नाहीत; ते नर. नॅसोनिया या परजीवी गांधीलमाशीचा हाच थाट. नर आधी निघतात आणि बहिणींच्या वाटेवर उभे राहतात. वर्गात हे सांगायला मला बरं वाटेल. पालकसभेत नाही.

४ जुलै
उरलेल्या पाचही कोषांना भोकं. एकही माशी हाती लागली नाही. तरी एक आशा आहे. कोष म्हणजे तिसऱ्या अवस्थेतल्या अळीचीच कडक झालेली कातडी, त्यामुळे रिकाम्या टरफलावरही मागच्या चिरा तशाच असतात, आणि पुढच्या भागात आतून तोंडाची आकडी चिकटलेली असते. कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवलं. सकाळी टरफल मधासारखं पारदर्शक. चकत्या दिसल्या. काढलेलं चित्र पॉन्ट यांच्या चित्राशेजारी धरलं, तीनदा. मग बाकीची टरफलं पुण्याला, आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्राकडे पाठवायची ठरवली.

चिठ्ठी लिहिली. ठिकाण: कराड. पक्षी: साळुंकी. घरटं काढल्याची तारीख: १८ जून. प्रजातीची ओळ कोरी सोडली.

सासूबाईंनी विचारलं, "आता ती बरणी मिळेल का? कैऱ्या मीठ लावून कालपासून परातीतच आहेत."

नवी बरणी आणायला निघाले.