लिस्बनचा पाव

आमच्यातील एकीच्या आजोळी पाव कधी आला नाही. सावंतवाडीजवळच्या त्या घरात बटाटेवडे होत, सणासुदीखेरीजही होत, पण ते चपातीबरोबर खाल्ले जात. आजोबा १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या वाटेने गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींपैकी. त्या एका दिवशी निरनिराळ्या सीमांवर पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक निःशस्त्र माणसे मारली गेली. आजोबांच्या वाट्याला बंदुकीचा दस्ता आला. तो गुडघ्यावर बसला आणि पुढे जन्मभर दर पावसाळ्यात आपली आठवण देत राहिला. परत आल्यावर त्यांनी पाव सोडला. कोणी कारण विचारलेच तर ‘फिरंग्यांचे अन्न’ एवढे दोन शब्द मिळत. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा त्यांनी लहानपणी ऐकल्या होत्या. त्यांची चिकित्सा करण्याची गरज त्यांना कधी भासली नाही.

पुढे नात मराठी घेऊन एम.ए. करू लागली. भाषाविज्ञानाच्या तासाला आदानशब्दांची यादी मिळाली. सुट्टीत घरी आल्यावर नव्या विद्येच्या तोऱ्यात तिने आजोबांना सुनावले, की पाव तेवढा सोडून काय उपयोग. बटाटाही त्यांचाच, कोबीही त्यांचाच, काजू, अननस, चावी, घमेले, लिलाव, परात, नाताळ, इतकेच काय, पगारसुद्धा! आजोबा शाळामास्तर. बराच वेळ आढ्याकडे पाहत बसले आणि म्हणाले, “पगार तर मी पस्तीस वर्षं घेतला गो.” दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे बटाट्याची भाजी खाल्ली. पाव मात्र शेवटपर्यंत खाल्ला नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे आठ दिवस लिस्बनला जाऊन आलो. स्वित्झर्लंड सोडून पोर्तुगाल कशाला, असे सहकारी विचारीत, तेव्हा ‘आम्ही ख्रिस्तपुराण शिकवतो ना’ असे विद्वत्तापूर्ण उत्तर आम्ही देत असू. ते निम्मे खरे होते. उरलेले निम्मे आम्ही आपापसातही नीट बोललो नव्हतो.

शहराविषयी प्रवासवर्णनात लिहितात तसे लिहिण्याचा आमचा विचार नाही. सात टेकड्या, पिवळ्या ट्राम, निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेल्या भिंती, हे सर्व आहे आणि छायाचित्रांत दिसते तसेच आहे. अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्राममध्ये उभे राहायलाही जागा नव्हती. दादरला लोकल पकडलेल्या माणसाला तिचे अप्रूप वाटू नये. आमचे खरे पर्यटन घडले ते खानावळींच्या दारात लावलेल्या पदार्थांच्या याद्यांसमोर. पहिल्याच दुपारी अशा एका यादीपुढे आम्ही पंधरा मिनिटे उभे होतो. लिपी रोमन, भाषा अनोळखी, आणि मधूनच ओळखीचा चेहरा दिसावा तसा एकेक शब्द समोर येई. ‘बटाटा’ तर जसाच्या तसा. ‘कोव’ म्हणजे कोबी. ‘अननास’. ‘काजू’. यादीबाहेर दुकानाच्या पाटीवर चावीचे चित्र आणि खाली ‘शाव्ह’. एका टेबलापाशी ‘मेझा’ हा शब्द ऐकला, तेव्हा आपले मेज पोर्तुगीज की फारसी यावर आमची रस्त्यातच जुंपली. एकाने फारसीचा पक्ष घेतला, दुसरीने पोर्तुगीजचा. पोटात कावळे ओरडत असताना व्युत्पत्तीवर भांडणारे जोडपे त्या वेटरने पूर्वी पाहिले नसावे. चहाच्या बाबतीत मात्र एकमत झाले. युरोपात बहुतेक ठिकाणी ‘टी’, ‘ते’ असे काहीतरी म्हणावे लागते. इथे मालवणी उच्चाराने ‘चा’ मागितला तरी निमूटपणे समोर येतो. पोर्तुगीजांनी तो शब्द मकावकडून उचलला आणि आपल्यालाही तो चीनकडूनच मिळालेला आहे.

वास्तविक या शब्दांतले कितीतरी पोर्तुगीजांचेही नाहीत. बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, काजू आणि अननस ब्राझीलच्या तुपी भाषांतले. वर्गात ही गोष्ट आम्ही ‘भाषा प्रवास करतात’ अशा गोड वाक्यात सांगत आलो आहोत. ताइनो बोलणारी माणसे या प्रवासात जवळजवळ संपली, हे सांगायला तासात वेळ उरत नाही.

त्या दुपारी आम्ही बसलो, आणि न मागता टेबलावर पावाची टोपली, लोणी आणि जैतुनाची फळे येऊन ठेपली. आमच्याकडे कांदा-लिंबू येते तसाच हा पाहुणचार असावा, अशा समजुतीने आमच्यातील एकाने चार तुकडे फस्त केले. बिल आले तेव्हा त्यात पावाचे पैसे होते. याला ‘कुव्हेर’ म्हणतात. खाल्ले तर पैसे, हात न लावता परत केले तर नाही, असा रिवाज आहे. खाणारा खजील झाला. न खाणारीने टोपलीकडे पाहिलेही नव्हते. “अहो, निदान मी तरी तुमचे पैसे वाचवले,” असे ती म्हणाली. तिने पाव का घेतला नाही हे आम्ही दोघेही जाणत होतो. घरी, पुण्यात, ती पावभाजी खाते. इथे तिचा हात पुढे होईना.

शाकाहारी माणसाचे लिस्बनमध्ये हाल होतात हे आम्ही ऐकून होतो. ‘काल्दु व्हेर्द’ हे बटाटा आणि हिरव्या कोबीच्या पानांचे सूप मोठ्या आशेने मागवले, तर त्यात डुकराच्या मांसाची एक चकती तरंगत होती. ती चकती आमच्यातील मत्स्याहारी बाजूकडे वर्ग झाली. तिचे मात्र राज्य होते. जुन्या बाजारपेठेतल्या एका रस्त्यावर बाकल्याउची, म्हणजे खारवून वाळवलेल्या कॉड माशाची दुकाने आहेत. पुठ्ठ्यासारखे टणक, मिठाने पांढरे झालेले मोठमोठे मासे रचून ठेवलेले. त्या वासाने आमच्यातील एकाने रुमाल काढला आणि दुसरी जागीच थांबली. “सुक्या बांगड्याचा वास,” ती म्हणाली. पावसाळ्याआधी आजोळच्या माळ्यावर येणारा वास. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात सापडत नाही. शतकानुशतके उत्तरेकडून, न्यूफाउंडलंड आणि नॉर्वेकडून येत आला, आणि तरी राष्ट्राचे अन्न होऊन बसला. तो एक-दोन दिवस, पाणी बदलत, भिजवावा लागतो. त्याचा कीस, बटाट्याच्या बारीक तळलेल्या काड्या आणि अंडे एकत्र करून केलेला पदार्थ तिने त्या संध्याकाळी खाल्ला आणि पुढचे चार दिवस दुसरे काही मागवले नाही. पाव टाळणारी बाई बाकल्याउ कसा खाते, हा प्रश्न आमच्यातील एकाच्या ओठांवर आला होता. वीस वर्षांच्या संसारात काही प्रश्न गिळायला शिकतो माणूस.

बेलेमला जाण्यासाठी काइश दु सोद्रे स्थानकातून गाडी मिळते. नदीच्या काठाकाठाने दहा मिनिटांच्या आत पोहोचते. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये शिरल्याबरोबर एका बाजूला वास्को द गामाची समाधी आहे, दुसऱ्या बाजूला कवी लुईश द कामोंइशची. गामा १५२४ मध्ये कोचीनला वारला. त्याच्या अस्थी आधी तिथून मायदेशी आणि मग १८८० मध्ये इथे आणल्या. कामोंइश गोव्यात राहिलेला, तिथे हलाखी भोगलेला. त्याचे ‘लुझिअदश’ १५७२ मध्ये छापले गेले. समुद्रमार्ग शोधणारा आणि त्याचे महाकाव्य लिहिणारा समोरासमोर निजले आहेत. ज्या कराच्या पैशावर हे दगडी नक्षीकाम उभे राहिले, तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेला होता. दोरखंड, प्रवाळ, अनोळखी फुले, सगळे दगडात. सुंदर आहे, त्याला सुंदर म्हणताना आम्ही अडखळलो, एवढेच.

तिथून नदीकाठी आलो. ४ एप्रिल १५७९ रोजी थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट लिस्बनहून जहाजात बसला आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरला. वर्गात आम्ही त्याला ‘इंग्लंडहून आलेला’ म्हणून सोडून देतो, पण मराठीकडे तो निघाला या पाण्यातून. १६१६ मध्ये रायतूरला त्याचे पुराण रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. मराठीची थोरवी गाणारा त्यातला भाग आमचे विद्यार्थी पाठ करतात, भित्तिपत्रकावर लिहितात, आणि आम्ही माना डोलावतो. पण हे पुराण का हवे झाले? बाटलेल्या लोकांच्या हातून त्यांची जुनी पुराणे गेली होती, त्या रिकाम्या जागी वाचायला काही हवे होते म्हणून. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले होते. १६८४ मध्ये तर लोकांची बोली मोडून काढण्याचा हुकूमच निघाला. वीस वर्षे आम्ही ओव्या शिकवल्या आणि या गोष्टी तळटीपेत ठेवल्या. आदल्याच संध्याकाळी रोसियु चौकात राष्ट्रीय नाट्यगृहासमोर आम्ही निवांत ‘चा’ घेत बसलो होतो. पोर्तुगालच्या इन्क्विझिशनचा वाडा त्याच जागी होता, हे हॉटेलवर परतल्यावर वाचले. स्टीफन्सची भाषा खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही, ती तशी नाहीच. परंतु पुढच्या वर्षी तो पाठ आम्हाला पूर्वीसारखा घेता येणार नाही, हे त्या काठावर उभे असताना दोघांनाही कळले होते.

बेलेमला गेलेल्या माणसाने तिथली नाता खाल्ली नाही तर प्रवास निष्फळ समजतात. १८३४ मध्ये मठ बंद झाले आणि तीन वर्षांनी, १८३७ मध्ये, शेजारीच या मिठाईचे दुकान निघाले, पाकृती मठातली. पापुद्र्याच्या वाटीत अंड्याच्या बलकाची कस्टर्ड, वर किंचित करपलेली साय, त्यावर दालचिनीची पूड. आमच्यातील शाकाहारी बाजूने अंड्याविषयीचे तत्त्व त्या दिवसापुरते स्थगित केले आणि तीन खाल्ल्या. “बेबिंक्याची धाकटी बहीण,” असा अभिप्राय दुसरीकडून आला.

बेलेमच्या स्थानकावर परतीच्या फलाटाकडे जायचे, तर ती विरुद्ध फलाटाकडे वळली. “अहो, पुढे काशियाश आहे. याच गाडीने.”

काशियाशचा तुरुंग. मोहन रानडे मूळचे सांगलीचे मनोहर आपटे; मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले, आझाद गोमंतक दलात शिरले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना इथे आणले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला; रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ज्या भूमीसाठी ते तुरुंगात गेले ती मोकळी होऊनही सात वर्षे ते आतच होते. आजोबांच्या ट्रंकेत त्या सुटकेच्या बातमीचे कात्रण होते आणि त्याच्याशेजारी ‘सतीचे वाण’, रानड्यांचे पुस्तक. ते २०१९ मध्ये गेले. आजोबा त्यांच्या आधी.

स्थानक लहान. समोर समुद्राला मिळत चाललेली रुंद नदी, वाळूचा पट्टा, उन्हात पहुडलेली माणसे, चेंडू खेळणारी मुले. पाठीमागे चढावर तो गढीवजा तुरुंग. २५ एप्रिल १९७४ ला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली आणि लगेच इथल्या राजकीय कैद्यांना बाहेर सोडले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. म्हणजे जे सरकार आजोबांच्या गुडघ्यावर बसले होते, तेच इथल्याही माणसांच्या मानेवर होते. हे आम्हाला ठाऊक होते, पुस्तकातून. आम्ही चढावर काही अंतर गेलो, भिंत पाहिली आणि परत फिरलो. छायाचित्र काढले नाही. तिने पर्समधून ते कात्रण काढले, उघडले नाही, पुन्हा ठेवले. ते तिने बरोबर आणले आहे हे तोवर आमच्यातील दुसऱ्याला माहीत नव्हते.

खाली आलो तो गाडी समोरून निघून गेली. पुढच्या गाडीला वीस मिनिटे होती आणि भूक लागली होती. वाटेत एक पाववाल्याचे दुकान होते. आत गल्ल्यावर म्हातारीशा बाई, हात पिठाने पांढरे. आमच्यातील एकजण चहा मागण्याच्या तयारीत असताना दुसरी पुढे झाली आणि बोटे दाखवून म्हणाली, “पाव. दोन.” बाईंनी काही न विचारता कागदी पिशवीत दोन पाव घालून दिले.

फलाटावरच्या बाकावर बसून तिने एक मोडला. कवच कडक, आतून पोकळ. बराच वेळ चावत राहिली.

“कोरडा आहे,” ती म्हणाली. “आपल्या नाक्यावरचा मऊ असतो.”

“चहाबरोबर खायला हवा होता गं.”

“आजोबांना मी तेव्हा उगीच यादी ऐकवली.”

यावर आमच्यातील दुसऱ्याला काही सुचले नाही. उरलेला अर्धा त्याने घेतला. दुसरा पाव पिशवीतच राहिला, आणि हॉटेलवर पोहोचेपर्यंत पार कडक झाला होता.